बदकं मोकळीच राहतील

मळा, कन्हान
ता. २३ जून

सौरवचे बाबा,

फोन मी मुद्दाम नाही केला. फोनवर माझं अर्धं वाक्य होते न होते, तुम्ही "हां, हां, समजलं" म्हणता, अन् समजलेलं काहीच नसते. कागदाले असं मधातून तोडता येत नाही, म्हणून लिहून राहिली. सूनबाई रविवारी अंडी न्यायले येते, तिच्याच हाती देईन. हिमानी पत्र फोडत नाही, ते मले माहीत आहे. फोडलं तरी माझी हरकत नाही.

भाषेचं आधीच सांगून ठेवते. तुम्ही मुख्याध्यापक होते, जन्मभर दुसऱ्यांचं शुद्धलेखन तपासलं. मी "मले" तं "मले"च लिहीन. आई ज्या भाषेत माझ्यावर रागवायची, त्याच भाषेत मले नीट रागावता येते.

सौरवजवळ तुम्ही निरोप पाठवला, "आईला सांग, बदकं काढून टाक, मी उद्याच परत येतो."

उत्तर : नाही.

एवढ्यावर पत्र संपलं असतं. पण त्या दिवशी काय काय झालं ते तुम्हाले पूर्ण माहीत नाही. तुम्ही विचारलं नाही, अन् तोंडावर सांगायची मले इच्छा नव्हती. आता सांगते.

मी इंदुताईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरले गेली होती. बहीण आहे, तिचं कोणी नाही, जावंच लागलं. परत आली तं खुराड्याचं दार सताड उघडं, अन् आत स्वच्छ झाडलेलं. झाडू तुम्ही हातात घेतलेला मी संसारात कधी पाह्यला नाही. त्या झाडलेल्या जमिनीवरूनच मले समजलं, की तुम्ही काहीतरी केलं आहे अन् घाबरले आहात.

"बदकं कुठं गेली?"

तुम्ही पेपरातून मान वर नाही केली. "दिली."

"कोणाले?"

"आला होता एक व्यापारी. कामिनी, आपल्या घराला ते शोभत नाही. पलीकडच्या लेआउटमधल्या नव्या घरांतले लोक नावं ठेवतात. गुरुजींची बायको काठी घेऊन बदकं हाकत फिरते म्हणतात. आपल्या घराण्यात कोणी पाळली होती का बदकं?"

काठी मी कधी घेतली नाही. बदकाले काठी लागतच नाही. पुढची वळली की मागच्या सगळ्या वळतात. अन् घराण्याचं म्हणाल तं हे एकरभर रान अन् हे बोडीचं तळं माझ्या आईनं, जिजाबाईनं, माझ्या नावानं करून दिली. तुमचं घराणं इथं पाहुणं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी निघून गेली. तुम्ही समजले मी इंदुताईकडे रुसून गेली. मी शहरातल्या कोंबडी बाजारात गेली. तुम्ही तिथं कधी गेले नसाल. लोखंडी पिंजरे एकावर एक, वरच्याची घाण खालच्याच्या अंगावर. कोंबड्या निदान ओरडतात. माझी बदकं सगळ्यात खालच्या पिंजऱ्यात होती. उंची कमी, म्हणून माना खाली करून, एकमेकींवर दबून, चूपचाप. बदक चूप बसलेलं मी पहिल्यांदाच पाह्यलं.

मी रोजच्यासारखं "आव, आव, आव" म्हटलं.

सौरवचे बाबा, पूर्ण बाजारानं वळून पाह्यलं, एवढा कल्ला केला त्यांनी.

व्यापारी म्हणे, "बाई, साहेबानं तं खुद होऊन दिली ना."

"साहेबाची नव्हती ती. माझी होती."

"अरे मग पहले घर में तय कर लो ना बाई! मेरा धंदा काहे को खोटी करते?"

माणूस बरोबर बोलला. घरात ठरलं असतं तं बाजारात कायले जावं लागलं असतं? त्याले मी त्याचे पैसे देऊन टाकले. तो वाईट माणूस नव्हता, टेंपोत चढवायले त्यानं हातही लावला.

पण भुरी नव्हती. ती पिल्लू होती तेव्हा खोक्यात बल्ब लावून मी तिले स्वयंपाकघरात वाढवलं होतं. तुम्ही रात्री पाणी प्यायले उठायचे तं तिच्या खोक्यात वाकून पाहायचे. पाह्यचे की नाही? मी झोपलेली नसायची. व्यापाऱ्याले विचारलं, "एक राखाडी होती ना?" तो दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलायले लागला. मी पुन्हा नाही विचारलं.

मग टेंपो घरी आला अन् तुम्ही ओसरीवर उभं राहून म्हटलं, "एक तर ही बदकं राहतील, नाहीतर मी."

मी म्हटलं, "बॅग भरून देऊ का?"

तुम्हाले वाटलं मी मस्करी केली. मी तुमचे शर्ट घड्या करून बॅगेत भरले, तेव्हा तुम्हाले समजलं.

बीपीच्या गोळ्या घेता का नाही, ते मी विचारून नाही राहिली. हिमानी म्हणे, घेतात. बरं.

कामिनी


मळा, कन्हान
ता. १४ जुलै

सौरवचे बाबा,

तुमचं उत्तर मिळालं, जर त्याले उत्तर म्हणायचं असलं तं. माझंच पत्र लाल पेनानं तपासून परत पाठवलं! ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, "कल्ला" शब्दाखाली रेघ मारून "गलबला" लिहिलं. एवढी मेहनत घेतली, पण मी जे लिहिलं होतं त्याच्यावर एक ओळ नाही. शाळेत एखाद्या पोट्ट्यानं पेपरात प्रश्नच सुधारून दिले असते अन् उत्तर लिहिलं नसतं, तं तुम्ही त्याले किती मार्क दिले असते?

एक मात्र झालं. भुरीच्या ओळीवर तुमचा पेन चालला नाही. त्यात दोन चुका होत्या, मले माहीत आहे. तिथं तुम्ही थांबले.

आता इथलं सांगते. धानाचं रोवणं झालं. शेताच्या एकेका बांधीत धान उभं राहिलं अन् बदकं त्यात उतरली. सकाळी अंडी देणं झालं की मी खुराडं उघडते. आधी बोडीत, मग धानात, मग बांधावर पंख झाडत बसणं, मग पुन्हा बोडीत. किडे खातात, गोगलगाई खातात, चिखल ढवळतात. यमुताई शेजारच्या बांधीतून म्हणते, "वं कामिनी, तुझं धान माझ्यापेक्षा काळंभोर दिसून राहिलं वं!" मी म्हटलं, पाठवू का तुझ्याकडे? आता दुपारून बदकं तिच्याही बांधीत जातात. संध्याकाळी मी बांधावर उभी राहून हाक मारली की धानातून एक रेघ हलत येते, बदकं दिसत नाहीत, नुसती पाती हलतात. ते पाहून मले काय वाटते ते मी लिहिणार नाही. तुम्ही त्याच्यातही रेघ माराल.

एकटी आहे म्हणून मले काही होत नाही. दोन माणसांचा भात शिजवायची सवय आहे, तेवढीच मोडायची राहिली. उरलेला बदकं खातात.

परवा बाबाराव आले होते. तुमचे मित्र, लेआउटच्या सोसायटीचे अध्यक्ष. इस्त्रीचा शर्ट, सोबत दोघं जण. खुर्ची दिली, चहा दिला.

"वहिनी, गुरुजी घरी नाहीत, तुमच्याशी बोलायला संकोच वाटतो."

"वाटू देऊ नका. बदकं माझी आहेत, बोलायचं माझ्याशीच आहे."

"पहाटे ओरडतात हो. नाला ओलांडून आमच्या पार्कात येतात, घाण करतात. लोकांनी एवढं कर्ज काढून प्लॉट घेतले. ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागेल."

"पार्कात येतात ते खरं आहे. त्याचं मी करते काहीतरी. अजून?"

मग त्यांनी खरं काढलं. "कोंडून ठेवा ना वहिनी. टिनाचं शेड टाका, सिमेंटची टाकी बांधा, आम्ही सोसायटीतर्फे मदत करू. बोडीवर सोडूच नका."

बोडीवर सोडू नका! मी त्यांले म्हटलं, "बाबाराव, तुम्ही पेन्शन घेतली तेव्हा रोज सकाळी फिरायले जाता यावं म्हणून इकडं घर बांधलं. तुम्हीच सांगत होते. आता मी म्हटलं, फिरणं बंद करा, न्हाणीघरात गोल चकरा मारा, साबण मी देते. चालंल का?"

त्यांच्यासोबतचा एक जण हसला. बाबाराव नाही हसले.

जाताना ते फाटकाकडून नाही गेले. बोडीच्या काठानं गेले, जिथं बेशरमाची झाडी दाट माजली आहे, तिथं थांबून वाकून पाह्यलं अन् मग नाल्यावरून उतरले. मले वाटलं, बदकं मोजत असतील.

पत्र इथंच संपवलं असतं, पण सकाळी दोन बदकांच्या माना टाकलेल्या दिसल्या. उभी राहतात, मान उचलत नाही. चोच पाण्याले टेकते अन् तिथंच राहते. कामठीवरून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंले बोलावलं आहे. मी घाबरली नाही. फक्त लिहून राहिली.

कामिनी

पावसात सौरवच्या गाडीवर मागं बसून फिरत जाऊ नका. हिमानीनं सांगतलं. घसरलात म्हणे. लागलं नाही, हेही तिनंच सांगतलं.


मळा, कन्हान
ता. ४ ऑगस्ट

रुपराव,

आज नावानंच हाक मारते. सौरवचा बाप म्हणून तुमच्याशी माझं भांडण नाही. रुपराव म्हणून आहे.

नऊ बदकं मेली.

डॉक्टरीणबाई आल्या. चांगली पोरगी, बूट काढून चिखलात उतरली. म्हणे, "काकू, पाण्यात काहीतरी कुजतं आहे. त्यातल्या अळ्या खाल्ल्या की विष चढतं, मानेतली ताकद जाते. बाहेरून सांडपाणी येतं का इथं?" मी म्हटलं, नाही, नुसतं पावसाचं येते. ती म्हणे, "मग हा वास कशाचा?"

मग आम्ही दोघी काठाकाठानं शोधत गेलो. बेशरमाच्या झाडीपाशी वास जास्त. मी विळ्यानं झाडी तोडली. आत पाइप. हातभर जाड, नवाकोरा, नाल्याच्या खालून आणून माझ्या बोडीत तोंड उघडं सोडलेलं. त्याच्यातून काळं पाणी पडून राहिलं होतं. लेआउटमधल्या सगळ्या घरांचं.

जी बदकं पडली होती त्यांले मी उचलून ओसरीवर आणलं. चार दिवस हेच केलं. एक मांडीवर घ्यायची, मान हातात धरायची, सिरिंजनं चांगलं पाणी थेंब थेंब घशात सोडायचं, मग दुसरी. बदकाची मान किती लांब असते ते ती लुळी पडल्यावर समजते. काही माझ्या हातातच गेली. काही उठली. एक जण उठली तं उठल्या उठल्या माझं बोट चावली, अन् मी, तुम्हाले सांगायले लाज कायची, जोरजोरानं रडली. दुःखानं नाही. तिनं चावलं म्हणून.

बाकीची मी बोडीवर जाऊच दिली नाही. तुमच्या बाबारावले पाहिजे होतं तसंच झालं, माझी बदकं कोंडली गेली. ओल्या कोंड्याच्या घमेल्याभोवती बसून दिवसभर माझ्याकडे पाहत राह्यची.

मग मी काय केलं ते ऐका. यमुताईले बोलावलं, सिमेंटची थैली आणली. पोत्यात गिट्टी भरून पाइपाच्या तोंडात कोंबली अन् वरून सिमेंटचा गोळा थापला.

यमुताई म्हणे, "वं, पोलीस येतील न वं."

मी म्हटलं, "येऊ दे. त्यांलेही हे पाणी हुंगवते."

पोलीस नाही आले. लेआउट आलं. घरोघरच्या मोऱ्या उलट्या भरल्या, तेव्हा बाया-माणसं सगळी फाटकाशी उभी. बाबारावांचा आवाज सगळ्यात वर. "वहिनी, हे बेकायदेशीर आहे! लोकांच्या घरात घाण शिरली!"

"अन् माझ्या घरात काय अत्तर सोडलं होतं?"

"तुमच्या घरात कुठं? बोडीत सोडलं."

"बोडी माझं घर आहे. कोणाले विचारून सोडलं?"

लोक त्यांच्याकडे पाहायले लागले. मग ते हळूच म्हणाले, "वहिनी, गुरुजींना विचारून सोडलं. गुरुजी हो म्हणाले होते."

मी म्हटलं, खोटं. सगळ्यांसमोर म्हटलं, खोटं बोलता तुम्ही, माझा नवरा मले विचारल्याशिवाय असं म्हणणार नाही.

बाबाराव म्हणे, "मुलाबाळांची शपथ. तुम्ही बहिणीकडे गेल्या होत्या तेव्हा. ओसरीवर बसून चहा घेतला अन् म्हणाले, 'टाका पाइप, त्यात काय एवढं, बोडी तशी पडीकच आहे. बदकांचं मी पाहतो.'"

बदकांचं मी पाहतो.

रुपराव, तेव्हा मले सगळं समजलं. घराण्याले शोभत नाही, लोक नावं ठेवतात, हे सगळं मागून आलं. आधी तुम्ही हो म्हटलं. मग लक्षात आलं की या पाण्यात बदकं मरतील अन् कामिनी विचारील. म्हणून ती मरायच्या आधीच तुम्ही विकून टाकली, अन् खुराडं झाडून ठेवलं.

मी तुमच्यासोबत पस्तीस वर्षं काढली, मी तुम्हाले ओळखते. तुम्ही लालची नाही. त्या पाइपासाठी तुम्ही त्यांच्याकडून सुपारीचं खांडही घेतलं नसेल. तुमचं दुखणं वेगळं आहे. कोणी "गुरुजी" म्हणून समोर बसलं की तुमच्या तोंडातून "नाही" निघत नाही. शाळेची खोली लग्नाले पाहिजे, हो. पोराले पास करा, हो. बोडीत घाण सोडू का, हो. बाहेरच्यांसाठी सगळे "हो" खर्च होऊन जातात, मग घरी आले की तुमच्याजवळ नुसते "नाही" उरतात. ते सगळे मी घेतले. सौरवनंही घेतले, त्याले विचारा. आता मी घेणार नाही.

पंधरा ऑगस्टले ग्रामसभा आहे. बाबारावांनी अर्ज दिला आहे, पाइप मोकळा करा अन् बदकं हलवा. मीही अर्ज दिला. सरपंच अंजनाबाई म्हणे, "काकू, माझं मन तुमच्याकडून आहे, पण ते म्हणतात मालकानं परवानगी दिली. सभेत मन चालत नाही."

मले तुमची माफी नको. रात्री झोप येते का नाही ते नको. मले एवढंच पाहिजे. तुम्ही झेंडावंदनानंतर सभेत या, अन् सगळ्या गावासमोर अन् सगळ्या लेआउटसमोर सांगा, की जमीन कोणाची आहे, हो कोणी म्हटलं, अन् ते म्हणायचा त्याले हक्क होता की नव्हता.

न आलात तरी मी सभेत उभी राहीनच. पण मग ते सामान, जे तुम्ही सौरवच्या घरी तात्पुरतं म्हणून नेलं आहे, ते तिथंच नीट लावून घ्या.

कामिनी


मळा, कन्हान
ता. २५ ऑगस्ट

सौरवचे बाबा,

तुम्ही आले अन् मले न भेटता गेले, म्हणून हे लिहावं लागून राहिलं. नाहीतर माणूस दहा हातांवर उभा असताना कोण पत्र लिहिते?

तुम्हाले पुढं काय झालं ते माहीत नाही. अन् मले काय दिसलं तेही.

शाळेच्या पटांगणात एवढे लोक कधीच नव्हते. लेआउटवाले एकीकडे, गाववाले एकीकडे, मधात पोरं लाडू खात. मी पहिल्या रांगेत बसली होती, यमुताई बाजूले. बाबाराव बोलले, चांगलं बोलले. विकास म्हणाले, आरोग्य म्हणाले. शेवटी म्हणाले, "मालकाच्या तोंडी परवानगीनंच काम झालं आहे. गुरुजींसारख्या माणसाच्या शब्दाला काही किंमत आहे की नाही?"

लोकांनी माना हलवल्या. तुमच्या शब्दाले अजूनही किंमत आहे इकडं. तेच तं भेव होतं मले.

अंजनाबाई म्हणाल्या, "गुरुजी कुठं आहेत?"

मी मागं वळून नाही पाह्यलं. मी ठरवलंच होतं की पाहायचं नाही. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, अन् यमुताईनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

तुम्ही म्हटलं, "जमीन माझी नाही. माझ्या पत्नीची आहे. पाइपला हो मी म्हणालो. तिला विचारलं नाही. मला तो हक्क नव्हता."

एवढंच. अन् ते इतक्या हळू म्हटलं, की मागून कोणीतरी पोट्टा ओरडला, "गुरुजी, ऐकू नाही आलं! मोठ्यानं!"

सगळे हसले. मी डोळे मिटले. मले वाटलं, झालं, आता हा माणूस खाली बसंल. आजवर तुमच्यावर कोणी हसलं नव्हतं.

तुम्ही नाही बसले. तुम्ही पुढं आले, माइक घेतला, अन् तेच सगळं पुन्हा म्हटलं. मोठ्यानं. त्याच्यात एक वाक्य जास्त होतं. "बदकंही मीच विकली, तिच्या मागे, तिला न सांगता." हे मी मागितलं नव्हतं.

कोणी हसलं नाही. बाबारावांनी हातातल्या कागदाची घडी करून खिशात टाकली. तुम्ही माइक ठेवला अन् चालायले लागले.

मी काही तुमच्यामागे आली नाही. मी पटांगणाच्या फाटकापर्यंत आली ती एक शेळी आत शिरून राहिली होती म्हणून. तोवर तुम्ही ऑटोत बसले होते. हिमानीनं काही वेगळं सांगतलं असंल तं तिचं ऐकू नका.

आता पुढचं. ठराव झाला. लेआउटनं त्यांच्याच जागेत शोषखड्डे खोदायचे, पाइप उखडून न्यायचा, बोडीतला गाळ त्यांनीच काढून द्यायचा. अंजनाबाईंनी मले विचारलं, "काकू, बदकांचं काय? पार्काची तक्रार तर खरी आहे."

मी उभी राहिली. म्हटलं, "खरी आहे. नाल्याच्या बाजूनं जाळीचं कुंपण मी घालीन, माझं मी. पार्कात एक पीस दिसलं तं मले बोलवा, मी येऊन झाडून देईन. पण कोंडणार नाही. बदकं मोकळीच राहतील."

लेआउटमधली एक पोरगी, चिन्मयी नाव तिचं, तिथून उभी राहून म्हणे, "काकू, सगळीच जाळी नका घालू ना. आमच्या बाजूनं थोडी जागा ठेवा, बघता येतील अशी." तिच्या आईनं तिले खाली ओढलं. पण आई कालच येऊन अंडी घेऊन गेली, अन् जाताना बराच वेळ बांधावर उभी होती.

पाइप सोमवारीच निघाला. गाळ निघाला. पाऊसही असा लागला की बोडी काठोकाठ झाली, वरून वाहून गेली. डॉक्टरीणबाई येऊन पाणी पाहून गेल्या, म्हणाल्या, "आता सोडा." मी खुराडं उघडलं. तुम्हाले वाटंल पळत सुटली असतील. नाही. पहिले सगळ्या दाराशी थांबल्या. इतके दिवस कोंडल्यावर त्यांलेही विश्वास बसला नाही. मग एक निघाली, अन् मग सगळ्या निघाल्या, अन् मधल्या सगळ्या चिखलातून घसरत, पंख फडकवत, एकमेकींच्या अंगावरून, पाण्यात. नऊ नव्हत्या, ते मले दिसत होतं. ज्या होत्या त्यांनी बोडी भरून टाकली.

आज हिमानी म्हणे, "आई, बाबा विचारत होते, येऊ का म्हणून."

मी म्हटलं, "त्यांनी मले विचारलं की तुले?"

म्हणे, "मला. पण तुम्हालाच विचारायचं असेल ना."

तिच्याजवळ मी उत्तर दिलं नाही. इथं देते. मी तुम्हाले बोलवून नाही राहिली. बोलावलं तं तुम्ही लोकांले सांगाल, कामिनीनं बोलावलं म्हणून गेलो. यायचं असेल तं आपल्या मनानं या अन् आपल्या मनानं आलो म्हणून सांगा. अन् आल्यावर हे समजून राहा. हे रान माझं, ही बोडी माझी, बदकं माझी. कोणी ओसरीवर बसून काही मागितलं तं तुम्ही म्हणायचं, "घरमालकिणीले विचारा." लाज वाटली तरी तेच म्हणायचं. सवयीनं लाज जाते. माझी गेली.

सभेत तुम्ही तेच दुसऱ्यांदा म्हणायले माइक घेतला. मी डोळे उघडून पाह्यलं. एवढं मात्र मी खरं सांगते, लग्नात मांडवात उभे होते त्याच्यापेक्षा त्या दिवशी तुम्ही मले चांगले दिसले.

म्हणून माफ केलं असं समजू नका. भुरी गेली, अन् नऊ गेल्या. ते माझ्यानं भरून निघत नाही, अन् तुमच्यानंही निघणार नाही. ते तसंच राहील, आपण त्याच्या बाजूनं चालायले शिकू.

आलात तं सकाळी लवकर या. खुराडं उघडायच्या आधी भुशात हात घालून अंडी काढावी लागतात, उशीर झाला की पायाखाली फुटतात. चप्पल बाहेर काढायची, वाकायचं, अन् बदकं चावतात. दोन माणसं असली तं काम लवकर होते.

नाही आलात तं नाही आलात. मी एकटी रोज काढतेच.

कामिनी